कमरेचं हाड, तोंडातला सुळा

बसा पोरांनो, आज हाडाची गोष्ट. हाड म्हटलं की माणसाला वाळलेलं, पांढरंफटक काहीतरी आठवतं, पण आपल्या अंगातलं हाड चांगलं जितंजागतं असतं; त्यात गवंड्यांसारख्या पेशी रात्रंदिवस राबतात, काही जुनं उकरतात, काही नवं रचतात, आणि असं करता करता दहाएक वर्षांत मोठ्या माणसाचा बहुतेक सांगाडा नवा होतो. नेम एकच, भार असेल तिथं बांधकाम. म्हणून तर म्हातारपणी दात पडले की त्यांना धरून ठेवणारं जबड्याचं हाडही झिजतं, आणि हौसेनं करून घेतलेली कवळी काही वर्षांत ढिली होऊन भाकरीच्या घासाबरोबर बाहेर येते!

हुबळीहून धारवाडला जाताना सत्तूरला एसडीएम नावाच्या संस्थेचं दंत महाविद्यालय लागतं, 1986 सालचं. तिथं ओठ-टाळू दुभंगलेल्या लेकरांवर उपचार होतात. अशा पुष्कळ लेकरांच्या वरच्या हिरडीच्या हाडातच फट असते, त्यामुळं सुळ्याला उतरायला वाट नसते. अमेरिकेतल्या बॉइन आणि सँड्स यांनी 1972 साली यावरची युक्ती मांडली: सुळा यायच्या आधी, नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमारास, कमरेच्या हाडातला जाळीदार, रक्ताळलेला गर खरवडून काढायचा आणि फटीत दाबून भरायचा. काही महिन्यांत तो तिथलाच होऊन जातो, आणि सुळा खुशाल त्या कमरेच्या हाडातून खाली उतरतो! गंमत पुढंच आहे, दात उतरून चावायला लागला की हाड टिकतं, जागा रिकामी राहिली तर विरत जातं.

गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, मात्र हट्टी. तिच्यात रक्तवाहिनीच नाही, सांध्यातल्या बुळबुळीत पाण्यावर ती जगते. एकदा खराब झाली की भरून येत नाही, असं विल्यम हंटरनं लंडनमध्ये 1743 सालीच सांगून ठेवलं. अडीचशे वर्षांनी, 1994 साली, स्वीडनच्या डॉक्टरांनी रोग्याच्याच कूर्चेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यातल्या खड्ड्यात बसवल्याचं जाहीर केलं. पण एक खड्डा भरणं वेगळं आणि जन्मभर झिजलेला अख्खा गुडघा नवा करणं वेगळं.

आणि ते पाणी कूर्चेत मुरतं कसं? चालताना सांधा दबतो, सुटतो, तेव्हा. म्हणजे काम तिलाही लागतंच. तेव्हा गुडघा दुखतो म्हणून आजीला दिवसभर खाटेवर बसवू नका रे, हात धरून झेपेल तेवढं अंगणात फिरवा.