डब्याचं झाकण

मालवणात आमच्या घरी रोज सकाळी एक छोटा डबा भरला जातो आणि गेल्या जूनपासून हे खातं माझ्याकडे आहे. मुलगा आणि सूनबाई आठलाच कामावर निघतात. उभा जन्म बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला मी तेवढा घरात मोकळा. नात चार वर्षांची, बालवर्गात जाते. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने स्टीलच्या डब्यात तीन घावणे, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि मूठभर काजू भरले, झाकण दाबून बसवलं. दुपारी डबा जसाच्या तसा परत. चटणी तेवढी आंबलेली.

मग मी जिद्दीला पेटलो. आंबोळी झाली, शिरा झाला, नाचणीचे लाडू झाले. डबा कधी अर्धा खाल्लेला यायचा, बहुतेक वेळा भरलेलाच. ‘आम्ही पेजेवर वाढलो’ हे आजोबालोकांचं ठेवणीतलं भाषणही मी तिला ऐकवलं. पोर गप्प. पंधरा दिवसांनी एका दुपारी तिला समोर बसवलं आणि जरा चढ्या आवाजात म्हटलं, ‘खा आता माझ्यासमोर!’ तिने डबा पोटाशी धरला, बोटांनी झाकण ओढलं, दात लावून पाहिले आणि रडवेली होऊन म्हणाली, ‘आबा, माका उघडणा नाय.’

बाईंचं लक्ष गेलं त्या दिवशी तिने खाल्लं होतं, नाही गेलं त्या दिवशी उपाशी राहिली होती. आणि मी रोज पदार्थ बदलत बसलो होतो.

ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. ताराबाईंनी ज्या माँटेसरीबाईंची पद्धत आपल्या मातीत रुजवली, त्यांच्या बालगृहात बटणं लावणं, डब्यांची झाकणं उघडणं-लावणं हा शिक्षणाचाच भाग असे. हे सगळं मी वाचलेलं होतं हो! पण वाचलेलं स्वयंपाकघरात कुठे आठवतं?

आता डबा सैल झाकणाचा आहे. तो आदल्या संध्याकाळी तिनेच चार वेळा उघडून-लावून दाखवायचा, असा नियम. घावणे तीनऐवजी एक. चार वर्षांच्या पोटात मावतं तरी किती? मोठा डबा आपण आपल्याच समाधानासाठी भरतो. घावण्याच्या पिठात थोडी नाचणी घालतो. 100 ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम दहा मिलिग्रॅमच्या आसपास, तर नाचणीत साडेतीनशेच्या घरात. निव्वळ नाचणीचा काळपट घावणा मात्र तिने साफ नाकारला. निम्मा तांदूळ असला की चालतो. आत गूळखोबऱ्याचं शिजवलेलं चून भरून गुंडाळी केली की एका हातात धरून खाता येतं. घावणा पुरता निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही, नाहीतर वाफेने लगदा होतो. ओल्या खोबऱ्याची कच्ची चटणी आमच्या दमट हवेत दुपारपर्यंत तग धरत नाही, तिला सुट्टी.

काजूबद्दल थोडं खरमरीतच सांगतो. काजू आमच्या जिल्ह्याचा अभिमान खरा, पण पाच वर्षांखालच्या पोराला अख्खा काजू किंवा शेंगदाणा देऊ नये. श्वासनलिकेत अडकला तर जिवावर बेततं. पहिल्या दिवशी मी मूठभर दिले होते, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. डबा उघडला नाही हे एका अर्थी बरंच झालं! आता काजूची पूड करून चुनात मिसळतो.

आमच्या घराजवळच्या अंगणवाडीत दुपारी मुलं रांगेने बसून खिचडी खातात. सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ, शेजारचा खातो म्हणून हाही खातो. डब्याचं तसं नसतं. तिथे आपला घावणा आणि शेजारच्याचा बिस्किटांचा पुडा यांची रोज नजरानजर होते. तिनेही बिस्किटं मागितली. शुक्रवारी दोन देतो. एवढी तडजोड बँकेतही करावी लागायची.

काल डब्यात पोळीचा अर्धा तुकडा परत आला. आमच्याकडे पोळी केलीच नव्हती. विचारलं तर म्हणाली, शेजारच्या मुलाचं झाकण तिने उघडून दिलं, म्हणून त्याने दिली.