बोंडअळीनंतर आता तणाची पाळी?

नागपूरहून वर्धा मार्गाने निघाले की विमानतळ मागे पडतो न पडतो तोच मिहानचा विस्तीर्ण परिसर सुरू होतो. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या शिवारांतून हा प्रकल्प उभा राहिला. त्याच मार्गावर, मिहानच्या शेजाराला, पांजरी येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. एकीकडे काचेच्या इमारती आणि दुसरीकडे पऱ्हाटीच्या प्रयोगांची वावरे असे हे दृश्य आहे. पुढे बुटीबोरी ओलांडून कुठल्याही गावात शिरावे, तर ज्या कापसाची चर्चा या संस्थेच्या आवारात उघडपणे होऊ शकत नाही, तोच कापूस कित्येक वावरांत उभा असतो. शेतकरी त्याला ‘चोर बीटी’ म्हणतात.

हे नाव अर्थपूर्ण आहे. तणनाशक सहन करणारा हा कापूस भारतात अधिकृतपणे मान्य झालेला नाही. त्याच्या मान्यतेसाठी केलेला अर्ज महिको कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. तथापि २०१७ च्या हंगामात विदर्भात हे बियाणे सर्रास आढळले, आणि केंद्राने नेमलेल्या पाहणी समितीला महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र व गुजरात या राज्यांत सुमारे १५ टक्के क्षेत्रावर ते असल्याचे दिसून आले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. तेव्हापासून वाद एकाच प्रश्नाभोवती घोटाळतो आहे : हे बियाणे मान्य करावे की करू नये? प्रस्तुत लेखकाच्या मते याहून अधिक निकडीचा एक प्रश्न या वादात झाकला गेला आहे. ज्या औषधाच्या भरवशावर हे बियाणे पेरले जाते, ते औषध किती वर्षे लागू पडणार?

निंदणाचा खर्च

शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याची अडचण समजून घेतली पाहिजे. कपाशीचे पीक पहिले दोन महिने अतिशय संथ वाढते. दोन ओळींतील मोकळी जागा तेवढा काळ तणाच्या ताब्यात जाते, आणि याच काळात तण आवरले नाही तर पुढचे खतपाणी वाया जाते. आषाढात झड लागली की डवरा चालत नाही. वाफसा येईपर्यंत केना, कुंजरू, तांदुळजा, लव्हाळा आणि हराळी यांनी रान भरून जाते. मग सगळ्या गावाचे निंदण एकाच आठवड्यात येते. बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी वाढलेली असते. एकेकाळी निंदणाला येणारी घरे आता मिहानच्या व बुटीबोरीच्या वाटेने बांधकामावर, साफसफाईच्या कामावर जातात. त्यांनी तसे जाऊ नये असे कोणी म्हणू नये. निंदण हे वाकून करायचे, हातांना घट्टे पाडणारे काम आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्याच वाट्याला आले आहे. अशा वेळी एका फवारणीत रान साफ होत असेल आणि पऱ्हाटी जशीच्या तशी उभी राहत असेल, तर शेतकरी तिकडे वळणारच. हा त्याचा लोभ नसून हिशेब आहे.

मात्र या हिशेबात एक रकाना कोरा राहिला आहे.

औषध तण घडवीत नाही, निवडते

ग्लायफोसेट हे तणनाशक १९७४ पासून बाजारात आहे. वनस्पतीला आवश्यक अशी काही अमिनो आम्ले तयार करणारे एक विकर ते बंद पाडते आणि वनस्पती वाळून जाते. एका शेतात तणाची लक्षावधी रोपे असतात. त्यांत एखादे रोप जन्मतःच असे असते की हे औषध त्याला पुरेसे बाधत नाही. बाकीची मरतात, ते एकटे राहते, फुलते, बी टाकते. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच औषध, पुन्हा तीच निवड. शेतकरी ज्याप्रमाणे चांगले बियाणे निवडून ठेवतो, त्याचप्रमाणे नकळत तो औषधाला दाद न देणारे तण निवडून ठेवीत असतो. चार-सहा हंगामांत शेताचे रूपच पालटते.

ही नुसती तर्कबाजी नाही. अमेरिकेत तणनाशक सहन करणारा कापूस १९९७ मध्ये आला. जॉर्जिया राज्यात आपल्या माठ-तांदुळजाच्याच कुळातील एक उंच राजगिरा आहे. त्याची एक मादी लाखो बिया टाकते. २००५ च्या सुमारास या तणाने ग्लायफोसेटला दाद देणे थांबवले. संशोधकांनी तपासले तेव्हा असे आढळले की औषध ज्या विकरावर घाव घालते, त्याचे जनुक या तणाने कित्येक पटींनी वाढवून घेतले होते. परिणाम असा झाला की यंत्रांनी शेती करणाऱ्या जॉर्जियात निम्म्याच्या आसपास कापसावर माणसांनी हाताने तण काढण्याची पाळी आली. मग डायकँबा या दुसऱ्या औषधाला टिकणारे बियाणे निघाले. त्याचे तुषार उडून शेजाऱ्यांची पिके जळाल्याचे तंटे उभे राहिले, आणि २०२० मध्ये टेनेसीत त्याही औषधाला न जुमानणारा राजगिरा सापडला.

याच जॉर्जियातील दुसरी हकीकत आपल्याला अधिक जवळची आहे. आपल्या बांधावरचा केना तिकडे परदेशी तण म्हणून पोचला होता. ग्लायफोसेट त्याला मुळातच फारसे बाधत नाही. शिवाय तो जमिनीच्या वर जशी निळी फुले धरतो, तशी मातीखालीही न उमलणारी फुले धरून बी तयार करतो. एकाच औषधाचा मारा सुरू झाल्यावर त्याचे प्रतिस्पर्धी मेले आणि केन्याला मोकळे रान मिळाले. थोड्याच वर्षांत तो जॉर्जियाच्या कापसातील सर्वांत त्रासदायक तण गणला जाऊ लागला. विदर्भात तर केना घरचाच आहे!

घरचेच दोन धडे

अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. हरियाणा-पंजाबच्या गव्हात ‘गुल्ली डंडा’ नावाचे तण आयसोप्रोट्युरॉनने मरत असे. वर्षानुवर्षे तेच औषध वापरल्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी ते मरेनासे झाले आणि गव्हाची शेते हातची जाऊ लागली.

दुसरा धडा खास आपला आहे. बीटी कापूस २००२ मध्ये मान्य झाला, दुहेरी जनुकाचा २००६ मध्ये. अळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीची १२० ग्रॅमची पुडी दिली जाई. ती शेताच्या कडेने पेरायची होती. कित्येकांनी ती पेरलीच नाही, आणि ती पेरली जाते की नाही हे पाहणाऱ्यांनीही पाहिले नाही. गुजरातेत शेंदरी बोंडअळीने पहिल्या बीटीला न जुमानल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, पुढे दुहेरी जनुकही निकामी ठरले, आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील उभी पऱ्हाटी अळीने पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. एक तंत्र निकामी झाले की माणूस अधिक विषारी, अधिक वारंवार फवारणीकडे वळतो. त्याची किंमत पाठीवर पंप घेणारा देतो.

बीटी कापूस तर कायदेशीर होता. त्याला पुडी होती, पाकिटावर सूचना होत्या, पावती होती. चोर बीटीला यांपैकी काहीच नाही. बियाणे खोटे निघून फवारणीत पीकच जळाले तर दाद कोणाकडे मागायची? शिवाय हे औषध कपाशीतली तूर ओळखत नाही. घरच्या डाळीची तरतूद करणाऱ्या तुरीच्या ओळी, बांधावरचा मूग-उडीद आणि रानभाजी म्हणून खुडला जाणारा तांदुळजा व घोळ ही सर्व त्याच्या फटकाऱ्यात सापडतात. मिश्रपीक गेले की तणाला आणखी मोकळीक मिळते.

काय करता येईल?

शासनाची आजवरची भूमिका डोळेझाकीची आहे. हंगामाच्या तोंडावर काही धाडी पडतात, काही पोती जप्त होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच व्हावी अशी अधिसूचना काढली. असे परवानाधारक आपल्या किती खेड्यांत आहेत, याचे उत्तर प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. जे कागदावर अस्तित्वातच नाही, त्याच्या वापराचे नियम कृषिसेवक सांगणार कसे आणि त्याच्या परिणामांची नोंद ठेवणार तरी कोण? मान्यता द्यायची तर नियमांसह द्यावी, नाकारायची तर कारणे सांगून नाकारावी. अनिर्णय हा तिसरा पर्याय नव्हे. तणाला मात्र तोच सर्वांत सोयीचा आहे.

निर्णय होईपर्यंतही बरेच काही करण्यासारखे आहे. नागपूरची कापूस संशोधन संस्था, अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि जबलपूरचे तण संशोधन संचालनालय यांनी, बियाणे कोणाचे हे न विचारता, फवारणीनंतर जिवंत राहिलेल्या तणाचे बी गावोगावाहून गोळा करून तपासावे. बी देणाऱ्या शेतकऱ्यावर कारवाई होणार नाही अशी हमी शासनाने द्यावी.

शेतकऱ्याने पहिल्या पावसाने उगवलेले तण पेरणीपूर्वीच वखराने मोडावे. पेरणी होताच, उगवणीच्या आत, ओलीवर पेंडीमेथॅलिन फवारावे. तण दोन ते चार पानांवर असताना पायरिथिओबॅक व क्विझालोफॉप यांसारखी, कपाशीसाठी शिफारस असलेली वेगळ्या गुणाची औषधे वापरावी. वाफसा मिळेल तेव्हा डवरणी चुकवू नये. तुरीची ओळ आणि ज्वारी-सोयाबीनची फेरपालट सोडू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फवारणीतून वाचलेले एकेक रोप बी धरण्याआधी उपटून बांधाबाहेर काढावे. ते रोप म्हणजे पुढच्या दहा वर्षांचे संकट असते.

यासाठी निंदणाची मजुरी सर्वस्वी वाचणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु आज ती पूर्णपणे वाचवण्याच्या नादात उद्या दुप्पट द्यावी लागेल, आणि तेव्हा निंदणाला कोणी मिळणारही नाही. जगभरचा माल विदर्भात उतरावा आणि विदर्भाचा जगभर जावा, या हेतूने मिहानची उभारणी झाली. जॉर्जियाचा अनुभव मात्र विमानाची वाट न पाहता केव्हाच येऊन पोचला आहे. तो सोडवून घेण्याची तसदी शासनाने, शास्त्रज्ञांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून घ्यावी, एवढेच मागणे आहे.