सात दिवस, किती चड्ड्या?

दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर बाहेरगावी जायचं ठरलं की घरोघरी पहिला हिशेब होतो तो असा: दिवस सात, दिवसाला तीन जोड, म्हणजे एकवीस. त्यावर आजीचं म्हणणं, "लेकराचं काही सांगता येते का बाप्पा, दोन-चार जास्तीचे राहू दे." पलंगावर ढीग लागतो, बॅगेची चेन गुडघा देऊन लावावी लागते. आठ दिवसांनी परत आल्यावर त्यातले अर्धे कपडे घडीही न मोडता कपाटात जातात. आणि जे खरंच हवं होतं, म्हणजे पाचवी-सहावी चड्डी किंवा दुसरी कानटोपी, ते मात्र घरीच राहिलेलं असतं.

घोळ गुणाकारात नाही, तो दिवस मोजण्यात आहे. कपडे किती न्यायचे हे मुक्कामाच्या दिवसांवर फारसं ठरत नाही. धुतलेला कपडा त्या गावी किती वेळात वाळतो आणि सकाळ-दुपारच्या हवेत किती फरक पडतो, या दोन गोष्टींवर ते ठरतं. गोंदियाच्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही, कारण पावसाळा सोडला तर आपल्याकडे कपडे वाळणं हा विषयच नाही. मे महिन्यात गच्चीवर घातलेली चड्डी शेवटचा चिमटा लावेपर्यंत पहिल्या टोकाला वाळायला लागलेली असते. दिवाळीनंतरही सकाळी घातलेले कपडे दुपारी जेवायच्या आधी काढता येतात. ही सवय घेऊन आपण कोकणात जातो आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या पंख्याखाली दमट फ्रॉक हलवत बसतो.

कपड्यातलं पाणी हवेत जातं ते हवेत जागा असेल तेवढंच. आपली हवा कोरडी, तिच्यात जागाच जागा. समुद्रकाठची हवा आधीच वाफेने भरलेली. ऊन कडक असलं तरी ती पाणी सावकाश उचलते आणि रात्री तर जवळजवळ उचलतच नाही. त्यात कापडाचा स्वभाव वेगळा. सुती धागा पाणी पोटात घेतो. कोरडं समजून आपण जे सुती कापड घडी करून ठेवतो, त्यातही साधारण आठ टक्के ओलावा असतो. पॉलिएस्टरमध्ये तो अर्धा टक्काही नसतो. त्याचं पाणी धाग्यांच्या मधल्या फटींत असतं, झटकलं की बरंचसं जातं. म्हणून एकाच बादलीतून निघालेली जर्सी संध्याकाळी घालता येते आणि जीन्सची कंबरपट्टी दुसऱ्या दिवशीही ओली लागते. तीन वर्षांच्या पोराला सहलीत जीन्स नेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. फोटोत छान दिसते, पण शू झाली की दोन दिवस कामातून जाते.

मग सगळंच पॉलिएस्टर न्यावं का? नाही. दमट उकाड्यात ते अंगाला चिकटतं, घाम मुरवून घेत नाही, आणि लहान मुलांच्या मानेवर-पाठीवर घामोळ्या उठतात. दिवसाला सैल, पातळ सुती. समुद्रात उतरायला एक झटपट वाळणारा जोड आणि तोच रोज. हा जोड धुताना एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला कोणी सांगत नाही: समुद्राचं पाणी नुसतं पिळून कपडा वाळत घातला तर तो पूर्ण वाळतच नाही. पाणी उडून जातं, मीठ कापडात राहतं, आणि ते मीठ रात्रीच्या हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं. सकाळी हात लावला की कपडा चिकट, गार. गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून काढला की हा त्रास संपतो. मीठ आणि वाळू राहिलेली चड्डी मांड्यांना घासते ते वेगळंच.

हॉटेलात लवकर वाळवायचा एक हमखास उपाय आहे. धुतलेला छोटा कपडा नेहमीसारखा पिळायचा, मग कोरडा टॉवेल पलंगावर पसरून त्यावर तो सपाट ठेवायचा. टॉवेलची कपड्यासकट घट्ट वळकटी करायची, जमिनीवर ठेवायची आणि पोरांना तिच्यावर नाचायला सांगायचं. हे काम ती आनंदाने करतात. वळकटी उघडली की टॉवेल ओला आणि कपडा नुसता दमट निघतो. पंख्याखाली रात्रभरात तो घालण्याजोगा होतो. सुतळी आणि सहा-सात चिमटे बॅगेत टाकले की दोन जोड कमी न्यावे लागतात.

पण कोकणाच्या आधी गाडी आहे. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस सकाळी निघते आणि राज्याची पूर्व-पश्चिम लांबी कापून दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला पोचते. एक पूर्ण दिवस, एक पूर्ण रात्र आणि वर आणखी काही तास. या प्रवासात मोठी बॅग बर्थखाली साखळीने बांधलेली असते, तिच्यात एकवीस जोड असले काय आणि चार असले काय, सारखंच. कामाला येते ती खांद्यावरची पिशवी. तिच्यात कपडे सुटे ठेवू नयेत. बनियान, चड्डी, सदरा, पँट, मोजे असा एकेक जोड एकात एक गुंडाळून रबरबँड लावायचा. रात्री दोन वाजता डब्यातल्या अंधुक दिव्यात पोराने अंथरूण ओलं केलं की एक गुंडाळी ओढायची, बस्स. बनियान शोधायला सगळी पिशवी उपसावी लागत नाही, आणि हे काम बाबांनाही जमतं. स्लीपर डब्यात चादर-उशी मिळत नाही, तेव्हा एक शाल आणि मेणकापडाचा तुकडा वरच हवा. शाल पांघरायला, आडोशाला, खिडकीच्या उन्हाला आणि बाळ पाजायलाही चालते. तिची बरोबरी करणारा कपडा मला अजून सापडलेला नाही.

वजनाची चिंता करणाऱ्यांसाठी: स्लीपर आणि थ्री टिअर एसीत माणशी चाळीस किलो सामान मोफत नेता येतं. म्हणजे रेल्वे तुम्हाला अडवणार नाही. अडवतो तो पादचारी पुलाचा जिना, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात झोपलेलं लेकरू असताना.

कोल्हापूरहून गणपतीपुळ्याकडे निघालात तर आंबा घाट लागतो. गोंदियाच्या सपाट धानपट्ट्यात वाढलेल्या पोरांना वळणांची सवय नसते. त्यांच्या उलटीचा जोड गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मांडीवर ठेवा. पालकाचा एक सदराही त्यासोबत असू द्या, कारण उलटी क्वचितच एकट्या पोराच्या अंगावर पडते.

डिसेंबरात नाताळची सुट्टी साधून कान्हाला जाणाऱ्यांचं गणित याच्या नेमकं उलटं. बालाघाट, बैहर, मुक्की गेट, ही वाट गोंदियाकरांना आपल्याच अंगणातली वाटते आणि म्हणून थंडीला ते घरच्यासारखंच गृहीत धरतात. गोंदियाची थंडीही विदर्भात नाव काढण्यासारखी असते, पण कान्हाच्या गवताळ मैदानांवर डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दव गोठून गवत पांढरं दिसतं. त्यात सफारीची जिप्सी उघडी. हवा पाच अंश असेल आणि ताशी वीस किलोमीटरचा वारा तोंडावर येत असेल, तर अंगाला ती साधारण एक अंशासारखी लागते. आणि तीच हवा साडेअकरापर्यंत पंचवीसच्या आसपास जाते.

मोठ्या माणसाला जे नुसतं बोचतं ते लहान मुलाला लवकर गारठवतं. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा, म्हणून अंगातली ऊब भराभर बाहेर जाते. तान्ह्या बाळाचं तर डोकंच शरीराच्या मानाने एवढं मोठं की उघडं डोकं म्हणजे उघडी खिडकी. म्हणून बालरोगतज्ज्ञांचा साधा ठोकताळा असतो: थंडीत तुमच्या अंगावर जितके थर, बाळाच्या अंगावर त्याहून एक जास्त. झोपवताना मात्र खोलीत टोपी काढायची, बाळ तापू नये म्हणून. थर हा शब्द इथे महत्त्वाचा. ऊब कापडात नसते, दोन कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. त्यामुळे एका जाड फुगीर जॅकेटपेक्षा बनियान, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, स्वेटर आणि वर वारा अडवणारं पातळ जर्किन हे चौघे मिळून जास्त काम करतात, आणि ऊन चढलं की एकेक काढता येतात. जॅकेटवाल्या पोराला मधला पर्यायच नसतो. ते एकतर घामेजतं, नाहीतर कुडकुडतं. आतला घाम ओला राहिला तर परतीच्या वाऱ्यात तोच थंडी घालतो, म्हणून बनियान कोरडी आहे ना हे गेटवर चहाला थांबाल तेव्हा पाठीत हात घालून बघावं.

स्वेटरसाठी आपल्या जिल्ह्याने लांब जायची गरज नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड-गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग वसाहत आहे. देशभरातल्या तिबेटी वसाहतींप्रमाणे हिवाळ्यात गावोगावी स्वेटर विकणं हा त्यांचाही पिढ्यांचा धंदा. त्यांच्याकडचा माल बहुतेक लुधियानाचा असतो आणि लहान मुलांचे स्वेटर बहुधा अ‍ॅक्रिलिकचे. ते हलके, रंगीत, धुवायला सोपे आणि लवकर वाळणारे, प्रवासाला उत्तमच. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते, पण टोचते, आटते आणि वाळायला दिवस घेते. मी प्रवासात मुलांना अ‍ॅक्रिलिक घालते, एक सोडून: रिसॉर्टची शेकोटी. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर जळताना वितळतात आणि कातडीला चिकटतात. ठिणगी उडणाऱ्या लाकडांपाशी बसताना वरचा थर सुती किंवा लोकरीचाच हवा. दिवाळीच्या फुलबाज्यांनाही हेच लागू, तरी नेमके त्याच दिवशी पोरींच्या अंगावर झुळझुळीत नायलॉनचे घागरे असतात.

जंगलात रंगाचाही प्रश्न येतो. खाकी, मातकट, गडद हिरवा असे मळखाऊ रंग घाला, असं वनखातं सांगतं, आणि बाजारात पाच वर्षांच्या मुलीसाठी स्वेटर मिळतो तो राणी कलरचा. नवीन घ्यायची गरज नाही. वर आईची जुनी मेंदी रंगाची ओढणी गुंडाळा. चरचर आवाज करणारं जर्किन मात्र खरंच टाळावं. सांबराचा कॉल ऐकायला सगळी जिप्सी श्वास रोखून बसते आणि नेमकं तेव्हाच एक पोरगं हात वर करतं.

आता आकडे. तीन-चार वर्षांच्या मुलाला कोकणात आठवडाभरासाठी सहा सैल सुती जोड, समुद्राचा एक, रात्रीचे दोन, डासांसाठी पूर्ण बाह्यांचा एक, आणि चड्ड्या दहा. सगळे कपडे कमी केले तरी चालतात, चड्ड्या कमी करून चालत नाही. कान्हाला तेच चार जोड पुरतात, कारण तिथली दुपार कोरडी असते. फक्त ते दोरीवरून चारच्या आत काढायचे, नाहीतर रात्रीचं दव त्यांना पुन्हा भिजवतं. तिथे स्वेटर दोन, कानटोप्या दोन (एक जिप्सीतून उडतेच), मोजे रोजचे वेगळे. लंगोट-दुपट्यातल्या बाळाचं गणित कोणालाच सुटलेलं नाही. दिवसाला चार झबली धरा आणि धुण्याची तयारी ठेवा. डायपर दोन दिवसांचे न्या, पुढचे रत्नागिरीतही मिळतात, बैहरलाही मिळतात.

पोराने एकच डायनासोरचा टी-शर्ट पाच दिवस घालायचा हट्ट धरला तर धरू द्यावा. रात्री धुवायचा, वळकटीवर नाचायचं, सकाळी पुन्हा तोच.

राहिले बूट. ते दोन जोड न्यायचे ठरवलं तर अर्धी पिशवी खातात आणि एकच नेला तर पहिल्याच लाटेत भिजतो. पायात बूट, पिशवीत रबरी चप्पल, एवढंच पुरे. भिजलेले बूट उन्हात ठेवले तर वरून कडक आणि आतून ओले राहतात; त्यापेक्षा आत वर्तमानपत्राचे बोळे दाबून भरावेत आणि दर दोन तासांनी बदलावेत. वर्तमानपत्राचा कागद पाणी चांगलं शोषतो. तेव्हा ही पुरवणी वाचून झाली की रद्दीत टाकू नका, बॅगेच्या तळाशी घाला.