जुन्या इंजिनांच्या होड्या आणि नवखा स्पर्धक

कोकणच्या खाडीत लहान मच्छीमार होडीच्या मागील फळीला अडकवलेले इंजिन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा आणि दोहोंना जोडणारा उभा दांडा. या ‘आउटबोर्ड’ इंजिनाचा अमेरिकेत खरा प्रसार केला तो ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने. १९०९ साली मिलवॉकी शहरात त्याने आपले इंजिन तयार केले. ते नाव शतकाहून अधिक काळ चालले. २०२० साली त्या नावाच्या इंजिनांचे उत्पादन थांबले.

इंजिन आले की शर्यत येणारच. १९३० च्या दशकात हडसन नदीतून अल्बनी ते न्यूयॉर्क अशी सुमारे १३० मैलांची शर्यत होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘स्टॉक’ वर्ग रूढ झाला, म्हणजे कारखान्यातून आले तसेच इंजिन लावून धावायचे. त्यामुळे बेताच्या ऐपतीचा मनुष्यही शर्यतीत उतरू लागला. त्या काळची इंजिने दुरुस्त करून पुन्हा पाण्यावर धावविणारी मंडळी आजही तेथे आहेत. १९०३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन पॉवर बोट असोसिएशनमध्ये जुन्या होड्यांचा वेगळा विभागही आहे.

मग अडचण कोणती? यंत्र कपाटात शंभर वर्षे टिकेल. ते चालविण्याची विद्या मात्र माणसाबरोबर जाते. आणि ही विद्या बरीचशी हाताची आहे. स्पार्क प्लगच्या चिनीमातीचा रंग फिकट तपकिरी दिसला तर इंधन व हवा यांचे प्रमाण ठीक. पांढराफटक दिसला तर इंधन कमी पडते आहे, पिस्टन जळण्याची भीती. इंजिन मागील फळीवर थोडे उंच बसविले तर पाण्याचा अवरोध घटतो व वेग वाढतो. पण फार उंच झाले तर पंख्याची पकड सुटते आणि थंडाव्याचे पाणी वर चढत नाही. ‘थोडे’ आणि ‘फार’ यांतील अंतर पुस्तक सांगत नाही, जाणता शेजारी सांगतो.

पंख्याचेही तसेच. एका फेऱ्यात पंखा हिशेबाने १२ इंच पुढे जातो आणि मिनिटाला ५,००० फेरे घेतो असे धरू. म्हणजे मिनिटाला ५,००० फूट, तासाला जवळजवळ ५७ मैल. प्रत्यक्षात पाणी निसटते, म्हणून वेग याहून कमी भरतो. किती कमी, हे होडी, वजन आणि पाणी यांवर ठरते.

नवख्याला दारातच अडविणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, इंजिनाची. जुने सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि काय विकत घ्यावे हेच त्याला ठाऊक नसते. यावर उपाय असा की क्लबाने आरंभासाठी एकच वर्ग नेमावा. उदाहरणार्थ, १९५० च्या दशकातील मर्क्युरी मार्क २०-एच हे दोन सिलिंडरचे, सुमारे २० घन इंचांचे इंजिन. सर्वांचे इंजिन एक असले म्हणजे एकाचा जादा भाग दुसऱ्याच्या उपयोगी पडतो आणि एकाचा अनुभव दहांना कळतो.

दुसरी गोष्ट भीतीची, आणि ती अनाठायी नाही. या शर्यतीत होड्या उभ्या राहून सुटत नाहीत. मोठ्या घड्याळाचा काटा शून्यावर येण्याच्या सुमारास सगळ्या भरवेगाने रेषा ओलांडतात. काट्याआधी ओलांडणारा बाद. मग पहिल्या वळणावर एकच गर्दी होते आणि पुढच्या होडीने उडविलेल्या तुषारांत मागच्याला काही दिसत नाही. चालक तर होडीत गुडघ्यांवर बसलेला असतो. नवख्याला येथे ढकलणे हा अविचार होय. त्याने आधी अनुभवी चालकामागून मोकळ्या पाण्यात फेऱ्या माराव्यात. शिरस्त्राण, तरंगजाकीट आणि चालक बाहेर फेकला गेल्यास इंजिन बंद करणारी दोरी, या तिन्हींत ‘जुन्या काळी नव्हते’ ही सबब चालू देऊ नये. इंजिन जुने असावे, सुरक्षितता आजची असावी.

तिसरी गोष्ट संकोचाची. जाणत्यांच्या घोळक्यात नवखा काठावर उभा राहतो, पाहतो आणि घरी जातो. आपल्या तालमीत नवे पोर आले की वस्ताद त्याला प्रथम कुस्तीचे नियम वाचून दाखवीत नाही. हौदातली माती उकरायला लावतो. त्या खोऱ्याबरोबर ते पोर तालमीचे होते. तसेच येथे करावे. आलेल्याच्या हाती पाना द्यावा, दोरी ओढून इंजिन सुरू करू द्यावे, आणि दुपारी उसन्या होडीत बसवावे. होडी विकत घेण्याची गोष्ट पुढच्या वर्षी.

यात मालकाला धोका आहे, हे खरे. साठ-सत्तर वर्षे जपलेले इंजिन परक्याच्या हाती देताना जीव धसकतो. पण ते कोणाच्याच हाती न दिले तर मालकामागे ते शोभेचे लोखंड होऊन राहील. पिस्टन जळला तर एखादे वेळी दुसरा मिळेल. रंगावरून तो जळण्याआधी ओळखणारा डोळा नवा तयार करावा लागतो, आणि त्याला वेळ थोडा उरला आहे.