माणगंगेच्या खोऱ्यात सायकल: ऐकीव आणि खरं

सायकलवर लांब जायचं ठरलं की पुण्या-साताऱ्याची मंडळी कास, महाबळेश्वर नाहीतर थेट कोकण गाठतात. माण तालुक्याचं नाव काढलं की विचारतात, "तिथं आहे काय? ऊन आणि दगड!" हा समज पुरता खोटा नाही, म्हणूनच तो टिकून आहे. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्यात माणच्या वाट्याला जेमतेम ५०० च्या आसपास येतो. सह्याद्रीनं ढग अडवल्यावर उरलासुरला पाऊस इथं पोचतो.

पण कमी पाऊस म्हणजे बघण्यासारखं काही नाही, हे कुणी ठरवलं? माणगंगा कुळकजाईजवळ सीतामाईच्या डोंगरात उगम पावते. मलवडी, आंधळी, दहिवडी, म्हसवड करत ती सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात शिरते आणि पुढं सांगोल्यातून भीमेकडं जाते. या खोऱ्यात नजर अडत नाही. परतीचा पाऊस होऊन गेला की माळावरचं गवत पिवळं पडायला लागतं, ज्वारीची शेतं हिरवी होतात आणि मेंढरांचे कळप रस्ता ओलांडेपर्यंत सायकल थांबवावी लागते. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळं याच खोऱ्यातलं, आटपाडी तालुक्यातलं. 'माणदेशी माणसं' वाचलेल्या माणसाला हा रस्ता कंटाळवाणा वाटेल, यावर माझा विश्वास नाही.

नदी कायम कोरडी असते, हाही जुनाच समज. माणगंगा बारमाही नाही, हे खरं. पण पाणी अडवण्याची इथली धडपडही जुनी आहे. म्हसवडच्या पुढचा राजेवाडीचा तलाव १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात कामाला लागलेल्या माणसांच्या घामातून उभा राहिला; आजही त्याच्या काठाशी थांबल्यावर अंगावर गार वारा येतो. अलीकडं आंधळीजवळच्या टाकेवाडीनं २०१८ च्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. हे गाव मुद्दाम वाट वाकडी करून पाहावं. डोंगरउतारावरच्या समतल चरांच्या रांगा सायकलच्या वेगात नीट दिसतात, मोटारीतून त्या निसटतात. उरमोडी, टेंभू आणि जिहे-कठापूर या उपसा योजनांचं पाणीही आता या तालुक्यांत पोचू लागलं आहे. त्यामुळं दहा वर्षांपूर्वी पाहिलेलं माण डोक्यात ठेवून इथं येऊ नये.

आता रस्त्याचं. नदीच्या वाटेनं जायचं म्हणजे सपाट रस्ता, शेजारी पाणी आणि डोक्यावर सावली, असं चित्र परदेशातल्या नद्यांकाठच्या सायकलमार्गांच्या फोटोंमुळं मनात बसतं. ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठानं खरोखरच तसा मार्ग आहे. माणगंगेला तसा सलग काठरस्ता नाही. दहिवडी-गोंदवले-म्हसवड हा सातारा-पंढरपूर वाटेचा भाग खोऱ्यातून जातो, पण काठानं जात नाही. आडवे येणारे ओढे रस्त्याला सारखे खाली नेतात आणि परत वर काढतात. चढ छोटे असतात, पण दिवसभरात त्यांची बेरीज पायांना कळते. शिखर शिंगणापूरची वाट घेतली तर मात्र खरा डोंगर चढावा लागतो. चैत्रात मुंगी घाटातून कावडी वर नेणाऱ्या माणसांबद्दलचा आदर त्या चढावर दुणावतो. सावली म्हणाल तर गावाजवळच्या चिंचा-लिंबांची. गावं आणि देवळं नदीला धरून आहेत, तेव्हा मुख्य रस्ता सोडून गावात वळलं की नदी भेटते. एक गोष्ट कळकळीनं सांगतो: फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल खांद्यावर घेऊनही पलीकडं जाऊ नये. कोरडी दिसणारी नदी वरच्या अंगाला झालेल्या पावसानं तासाभरात चढते.

प्रवाहाच्या दिशेनं गेलं की उतार मिळतो आणि सोपं पडतं, असंही वाटतं. नदीचा उतार किलोमीटरला काही मीटरच असतो, तो सायकलवर जाणवतही नाही. इथला खरा मालक वारा आहे. या उघड्या माळावर समोरून वारा आला तर सपाटीवर घाट चढल्यासारखा दम लागतो, कारण वेग वाढेल तसा हवेचा अडसर कितीतरी जास्त पटीनं वाढतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात बहुधा पूर्व-ईशान्येकडून.

१०० किंवा २०० किलोमीटर म्हणजे खेळाडूंचं काम, या समजानं तर कितीतरी माणसं घरीच बसली. माणनं मोहीच्या ललिता बाबर यांच्यासारखी ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी धावपटू दिली, हा अभिमान वेगळा. लांब पल्ल्याच्या हौशी सायकलिंगचं गणित वेगळं आहे. ब्रेव्हे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, जगभर चालणाऱ्या उपक्रमात २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात, ३०० ला २० तास, ६०० ला ४० तास. ती शर्यत नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ताशी २० किलोमीटरनं पेडल मारलं तर २०० किलोमीटरला १० तास लागतात. साडेतीन तास जेवण, चहा, पंक्चर आणि देवदर्शनाला उरतात. शेजाऱ्याशी बोलता येईल एवढ्याच दमानं चालवायचं. बोलताना धाप लागली की वेग कमी करायचा, एवढं पुरतं.

भारी सायकल हवीच, हेही खरं नाही. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं शाळा लांब पडते म्हणून शिक्षण सुटू नये यासाठी मुलींना सायकली दिल्या, त्या साध्याच. आपली सायकल दुरुस्त असावी, गिअर असतील तर चढाला हलका गिअर असावा. अरुंद आणि दगडासारखं टणक टायर जास्त पळतं, हा समज गुळगुळीत रस्त्यावरच कसाबसा टिकतो. खडबडीत डांबरावर ३२ मिलिमीटरच्या आसपासचं, जरा कमी हवेचं टायर अंगाला कमी हादरे देतं आणि वेगातही मागं पडत नाही. इथला मोठा शत्रू वेडी बाभूळ आहे. तिच्या फांद्या रस्त्याकडेला पडलेल्या असतात. दोन जादा ट्यूब, पॅच, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या हे सामान असल्याशिवाय निघू नये, कारण वाड्या-वस्त्यांवर पंक्चरचं दुकान मोटारसायकलीचं असतं, तुमच्या मापाची ट्यूब तिथं मिळेलच असं नाही.

सायकलनं गुडघे जातात, असं घरची मोठी माणसं हमखास बजावतात. शरीराचा भार सीटवर असल्यानं गुडघ्याला धावण्याइतका मार बसत नाही; दुखणं बहुतेक वेळा खाली ठेवलेल्या सीटमुळं आणि जड गिअर रेटल्यामुळं येतं. बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण सीट खाली ठेवतो. त्याऐवजी टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली आणावं. पाय सरळ झाला की उंची बरोबर. मग चवड्यानं पेडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो.

पाण्याबद्दलचा समज सगळ्यात धोक्याचा. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला अर्धवट आहे. घामातून मीठही जातं. तासन् तास नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस गोंधळतो. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की काम भागतं. गावोगावी मिळणारं मीठ घातलेलं ताकही उत्तम. भूक लागायची वाट न पाहता तासाला थोडं थोडं खावं: केळं, गूळ-शेंगदाणे, चटणी-भाकरीचा तुकडा.

ऑक्टोबर ते जानेवारी हा या वाटेचा हंगाम. उजाडता दहिवडीहून निघावं, वारा सुटायच्या आत म्हसवड, राजेवाडी, जमलं तर दिघंची गाठावी. दहानंतर पूर्वेचा वारा जोर धरतो, तेव्हा तोंड पश्चिमेला असलं पाहिजे. पावसाळ्यात हाच बेत उलटा करावा: म्हसवडहून निघून सकाळी दहिवडीकडं जावं आणि पाठीवर वारा घेऊन परतावं. परतायला उशीर होण्याची शक्यता असेल तर मागचा लाल दिवा आणि अंगावर चमकपट्टी हवीच. उसाच्या हंगामात कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागं दिवे असतीलच असं नाही. अंधारात त्यांच्यामागं जाऊ नये.