आपल्या जीपचं बॉनेट एवढं उंच का? उत्तर अमेरिकेतल्या एका इंजिनात आहे

तिरोड्याहून चोरखमाऱ्याच्या बाजूने नागझिऱ्याच्या जंगलात जायचं म्हटलं की आता जिप्सी आठवते. पण काही वर्षांपूर्वी वनखातं असो, पोलीस असो, तहसीलदार असो की निवडणुकीचा प्रचार, धूळ उडवत यायची ती जीपच.

आता एक काम करा. दुसऱ्या महायुद्धाच्या सिनेमातली जीप आठवा आणि तिच्या शेजारी आपली जुनी महिंद्रा जीप ठेवा. सिनेमातल्या जीपचं बॉनेट बसकं आहे, आपलीचं मात्र मडगार्डच्या बरंच वर आलेलं. गाडी तीच, मग नाक उंच कसं झालं?

१९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. नमुना बनवायला मुदत दिली फक्त ४९ दिवसांची. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो वेळेत दिलाही. पण मोठं उत्पादन झालं विलिज आणि फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

या गाडीत दिसण्यासाठी काहीच केलेलं नव्हतं. मडगार्ड सपाट, म्हणजे त्यावर सामान ठेवता येतं, माणूसही बसतो. काच पुढे दुमडून बॉनेटवर आडवी होते. पत्रा सरळ, म्हणजे ठोकून नीट करायला सोपा.

युद्धानंतर विलिजने हीच गाडी शेतकऱ्यांसाठी आणली. नाव सीजे, म्हणजे सिव्हिलियन जीप. पुढे जास्त ताकद हवी होती, पण पूर्ण नवीन इंजिन म्हणजे मोठा खर्च. मग कंपनीने जुन्याच २.२ लिटर इंजिनात बदल केला. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेले. ते मोठे करता आले, ताकद वाढली. पण इंजिनही उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. कंपनीने सरळ बॉनेटच वर उचललं. १९५३ ला आलेली ही जीप म्हणजे सीजे-३बी.

अमेरिकेत अनेकांना हा चेहरा बेढब वाटला. तिथे १९६८ ला हे मॉडेल बंदही झालं.

इकडे मुंबईत मात्र वेगळंच घडलं. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी सुटे भाग मागवून माझगावला विलिज जीप जोडायला सुरुवात केली होती. पुढे उंच बॉनेटची जीप इथे आली आणि इथलीच झाली. अमेरिकेत ती थांबल्यावरही आपल्याकडे तोच साचा कित्येक वर्षं चालला, नंतर डिझेल इंजिनासह. म्हणून अमेरिकेतल्या शौकिनांना जी जीप विचित्र वाटते, ती आपल्यासाठी साधी ‘जीप’ आहे.

हा चेहरा नेमका कुणाचा, यावर भांडणही झालं. महिंद्राने २०१८ ला अमेरिकेत रॉक्सर ही गाडी आणली आणि जीप ब्रँडच्या मालक कंपनीने तक्रार केली. २०२० ला तिथल्या व्यापार आयोगाने महिंद्राच्या विरोधात निकाल दिला. महिंद्राने पुढचा भाग बदलला, आणि त्याच वर्षी आयोगाने बदललेल्या गाडीला हिरवा कंदील दिला.

आता मुद्दा तुमच्या कामाचा. घरामागे आजोबांची जीप उभी असेल तर २०२१ चा व्हिंटेज नियम माहीत हवा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळू शकते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

खरी अडचण पुढे आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. आणि आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी जीपना डिझेल इंजिनं बसवली गेली. त्याच इंजिनांनी गाड्या जगवल्या, आणि आता व्हिंटेज नोंदणीत तीच आडवी येतात.

म्हणून जुनी जीप रंगवायला, मॉडिफाय करायला किंवा भंगारात द्यायला काढण्याआधी आरसी बुकातला इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळतो का ते बघा. आणि मूळ पेट्रोल इंजिन कोपऱ्यात गंजत पडलं असेल, तर ते विकू नका.