जुना क्लब, नवा प्रादेशिक संघ

व्यावसायिक रग्बीत काही देशांत गावोगावच्या जुन्या क्लबांच्या वर प्रादेशिक संघ असतात.

आयर्लंडला ते सोपे गेले. लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनाक्ट हे प्रांत आधीपासूनच खेळत होते.

वेल्सने मात्र २००३ मध्ये पाच प्रादेशिक संघ नव्याने उभे केले. पॉन्टिप्रिड आणि ब्रिजेंड या क्लबांच्या भागासाठीचा सेल्टिक वॉरियर्स एकाच हंगामात, २००४ मध्ये, बंद पडला. ज्या क्लबांचे आपसात हाडवैर, त्यांचे प्रेक्षक एका झेंड्याखाली कसे यावेत?

महाराष्ट्रात याचे जवळचे रूप कबड्डीत दिसते. धानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावापासून लालबाग-परळपर्यंत संघ मंडळाच्या नावाने उतरतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डीने यू मुंबा आणि पुणेरी पलटण आणले. खेळाडू लिलावातून, त्यामुळे पुण्याच्या जर्सीत हरियाणाचा चढाईपटूही चालतो. इथे मंडळे मोडली नाहीत, हे शहाणपणच. पोरे घडतात मंडळाच्या मैदानावर. पैसा आणि टीव्ही लीगकडे.

भारतातल्या रग्बीतही तसेच. बॉम्बे जिमखाना हा क्लब १८७५ चा. जून २०२५ मध्ये मुंबईतच सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, प्रत्येक बाजूला सात खेळाडू. त्यात मुंबई ड्रीमर्सही होता.